पाणी चाखणारा शेजारी

दिघ्याला खाडीलगत आमची भाताची दोन खाचरं होती, त्यांना लागून शेजाऱ्याची. भात पिवळं पडू लागलं की तो दिवसातून तीनदा बांधावरून फिरायचा, खाचरात बोट बुडवायचा आणि पाणी चाखायचा. आमच्याही खाचरातलं! मला त्याचं हसू यायचं. बांध धड दिसतोय की, चाखायचं काय त्यात?

कोजागिरीच्या दुपारी उधाणाची भरती होती. चार दिवस डोक्यावरून चिकणमाती आणून तो झोडणीचं खळं चोपत होता. मधेच उठला, बांधावर गेला, आमचं पाणी चाखलं आणि थुंकला.

"खारा हाय पानी! चिंबोरीनं बांध पोखरलाय!"

खेकड्याच्या बिळातून खाडीचं पाणी आत येत होतं. मी फावडं शोधेपर्यंत त्यानं आपलं ओलं खळं उकरून टोपल्या भरल्या. सगळी माती आमच्या बांधात गेली.

"तुमचं खळं गेलं," मी ओशाळून म्हणालो.

"जाऊ दे. यंदा तुमच्या खल्यावर झोडू. भात तं वाचला ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला, तेव्हा मी आधीच बांधावर होतो, बोट तोंडात घालून.

"कसा हाय?" त्यानं लांबूनच विचारलं.