माणिकरावांचे उपग्रह

आपलं बोलणं कुणी ऐकलं की नाही, याची माझ्या साडूंइतकी धास्ती घेतलेला माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात झाला नसेल. सांगितलेली गोष्ट पुढे गेली पाहिजे, आणि जाताना त्यांचं नाव घेऊनच गेली पाहिजे, हा हट्ट. आमच्या मेव्हण्याच्या लग्नात त्यांनी आचाऱ्याला वरणात गूळ कमी घालायला सांगितला आणि मग स्वतः जेवायचं सोडून पंगतीतून कान देत फिरत राहिले. कुणी वरणाला बरं म्हटलं की लगेच, "कुणी सांगितल्तं, इचारा आचाऱ्याला." जुन्या जालन्यात माझं कापडाचं दुकान आहे. तिथे बसले की एखाद्या बाईला हिरवी साडी सुचवायचे आणि पुढल्या आठवड्यात मला विचारायचे, ती बाई पुन्हा आली का, माझं नाव काढलं का? आता कोणती बाई साडीची घडी मोडताना इंजिनिअरिंगच्या मास्तराचं नाव काढेल हो! पण मी आपला "काढलं, काढलं" म्हणायचो. नाही म्हटलं की हे चहा तसाच ठेवून उठायचे, आणि चहा मला प्यावा लागायचा.

शिकवायचे ते कॉलेजात, पण जीव अडकला होता आभाळात. पेटीएवढे लहान उपग्रह एकमेकांना निरोप देत देत शेवटी तो जमिनीवर कसा पोचवतील, याची त्यांनी एक रीत बसवली होती. मला समजवायला एसटीचा दाखला द्यायचे: जालन्याच्या ड्रायव्हरनं डबा मंठ्याच्या ड्रायव्हरकडे द्यायचा, त्यानं पुढच्याकडे. या रीतीवरचा त्यांचा निबंध परदेशी नियतकालिकात छापून आला, तेव्हा त्यांनी पेढे वाटले. खरा उपग्रह मात्र त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. गच्चीवर बांबूला बांधलेली एक अँटेना होती, तिला माझी मेव्हणी कुरडयांच्या फडक्याचं टोक बांधायची.

मग बढतीचा नवा नियम आला. प्रोफेसर व्हायचं तर जगातल्या किती संशोधकांनी आपल्या लिखाणात तुमच्या निबंधाचा उल्लेख केला, ते दाखवा. याला सायटेशन म्हणतात. जन्मभर जे मोजायचा ध्यास घेतला, ते सरकारच मोजायला निघालं म्हटल्यावर साडूंचे पाय जमिनीला लागेनात. मला ओढत औरंगाबादच्या एका ग्रंथालयात घेऊन गेले. तिथल्या कॉम्प्युटरवर त्यांचं आडनाव टाकलं आणि उत्तर आलं, शून्य. परतीच्या बसमध्ये या माणसानं कंडक्टरला तिकिटाचे पैसे दोनदा दिले. मला भीती वाटली, खरं सांगतो.

काही दिवसांनी ते एकटेच पुन्हा गेले. या खेपेला आडनावाऐवजी निबंधाचं नाव टाकलं, तर भराभर उल्लेख निघाले. सगळे कुणा 'माणिकराव' नावाच्या शास्त्रज्ञाच्या खात्यावर! झालं होतं असं की साडूंनी आपलं नाव शाळेच्या दाखल्यावर असतं तसं लिहून पाठवलं होतं: आधी आडनाव, मग स्वतःचं, शेवटी वडिलांचं. तिकडचे लोक शेवटचा शब्द आडनाव धरतात. माणिकराव म्हणजे साडूंचे वडील, कुंभार पिंपळगावात कापूस लावणारे.

साडू खूप हसले. दाखला जोडून बढतीच्या कमिटीला दाखवलं की काम फत्ते. पण आधी आबांना, म्हणजे वडिलांना, सांगायचं म्हणून आम्ही पिंपळगावला गेलो. आबांची एक बाजू लकव्यानं गेली होती. बाजेशी बसून साडू म्हणाले, आबा, परदेशातले शास्त्रज्ञ तुमचं नाव घेऊन राह्यले. म्हाताऱ्यानं जड जिभेनं विचारलं, "काय म्हन्तेत?"

साडूंनी उल्लेख मोजले होते, वाचला एकही नव्हता.

"चांगलंच म्हन्तेत, आबा."

त्या दिवसापासून येईल त्याला म्हातारा हेच सांगू लागला.

साडूंनी मग ते सगळे लेख मिळवून वाचले आणि माझ्या दुकानात येऊन बसले. कुणी सभ्यपणे, कुणी टोचून, पण सगळ्यांनी एकच लिहिलं होतं: माणिकरावांची ही रीत बिलकुल वापरू नका. हिच्यात निरोप उपग्रहांमध्येच फिरत राहतो, बॅटरी संपते आणि जमिनीवर काहीच पोचत नाही. मी म्हणालो, अहो, कमिटी नुसतं मोजते, वाचतं कोण! दाखवा आणि व्हा प्रोफेसर. तर माझ्यावरच उखडले. ज्या निबंधापायी बापाला बोल लागले, तोच दाखवून खुर्ची घेऊ म्हणता? मुलाखतीत त्यांनी शून्यच सांगितलं. बढती गेली. मला आजही त्यांचा राग येतो, आणि तेवढीच मायाही.

त्या परदेशी नियतकालिकाला मात्र त्यांनी कळवलं, ते नाव काढा, माझं घाला. उत्तर आलं, पुढचं बघू, पण छापून गेलेलं बदलत नाही. ते उत्तर आलं आणि आबा गेले.

तेराव्याला गावातला एक म्हातारा मला कौतुकानं सांगत होता, की आमच्या माणिकचं नाव फॉरेनात चालतंय. साडूंनी ते ऐकलं आणि उठून गोठ्यामागे गेले. मीही मागोमाग गेलो. त्यांचं उपरणं ओलं झालं होतं.

"पाव्हणं, चूक माझी हाये," ते म्हणाले. "अन् म्हातारा तिकडं माझ्या वाटच्या शिव्या खाऊन राह्यला."

आबांना कुणी विचारलं असतं, तर पोराच्या वाट्याच्या शिव्या त्यांनी आनंदानं खाल्ल्या असत्या. हे मला ठाऊक होतं, आणि साडूंनाही. म्हणूनच तर त्यांना रडू आवरत नव्हतं.