परमिट कुणी परत केलं

हिंगोलीत विश्वंभररावांना फोन लावायचा म्हणजे आधी परीक्षा द्यावी लागायची. "नाव सांगा." नाव सांगितलं की "पूर्ण नाव." ते झालं की "कुठून बोलताय?" सख्खी सून अनुश्रीसुद्धा यातून सुटत नसे. गल्लीतली माणसं हसायची, म्हणायची, म्हातारा वीज मंडळातून रिटायर झाला पण मंडळ काही म्हाताऱ्यातून गेलं नाही. पद्मजाबाई मात्र हसत नसत. नवऱ्याच्या डोळ्यांत त्या वेळी काहीतरी असे, ते त्यांना आवडत नसे.

विश्वंभररावांनी सारी नोकरी एका माळावरच्या उपकेंद्रात काढली, ऑपरेटर म्हणून. तिथला मुख्य नियम एकच. लाइनमन खांबावर चढायच्या आधी परमिट घेतो, म्हणजे लाइन बंद ठेवायची लेखी हमी. काम झालं, माणसं खाली उतरली, की ज्यानं परमिट घेतलं त्यानंच ते परत करायचं, स्वतःच्या तोंडानं, स्वतःचं नाव सांगून. मगच लाइन सोडायची, म्हणजे तारेत वीज सुरू करायची. दुसरा कुणीही बोलला, साहेब असो की पुढारी, तरी बटणाला हात लावायचा नाही.

मुलगा चिन्मय त्याच धंद्यात पडला, पण फार लांब जाऊन. कॅरिबियन समुद्रात एक एवढासा देश आहे, आपल्या एका तालुक्याएवढीही वस्ती नसलेला. तिथल्या वीजघरात तो शिफ्ट इंजिनियर होता. तिथली वीज डिझेलवर चालते आणि डिझेल जहाजानं येतं. जहाज लांबलं की देश अंधारात. वादळ आलं की खांब आडवे. तरुण पोरं परदेशी निघून गेलेली, गावंच्या गावं कुलूपबंद, आणि निवडणूक आली की दोन्ही पक्ष त्याच पोरांना विमानानं मतदानाला घेऊन येणार. सरकारनं तीन निवडणुका जमिनीखालच्या गरम वाफेवर वीज करायचं वचन दिलं होतं. वाफ जमिनीतच राहिली. चिन्मय हे सगळं सांगे तेव्हा विश्वंभररावांना हसूही येई आणि घरच्यासारखंही वाटे.

आपल्याकडे दुपारी साडेचार वाजतात तेव्हा तिकडे सकाळचे सात. चिन्मयची शिफ्ट सुरू होई आणि इकडे चहा होई. त्या वेळी तो रोज फोन करी. त्या दिवशी तिकडे मतदान होतं.

"बाबा, पहाटे वाऱ्यानं उत्तरेकडची लाइन तुटली," चिन्मय म्हणाला. "रामप्रसाद परमिट घेऊन डोंगरावर गेलाय. आणि इथं मंत्र्याचा माणूस येऊन उभा आहे. मतदान सुरू व्हायच्या आत लाइट पाहिजे म्हणतो, नाहीतर सरकार गेलं."

रामप्रसाद तिथला लाइनमन. त्याचे पूर्वज उसाच्या मळ्यांवर राबायला इथून गेलेले. नावापलीकडे त्याच्याकडे इथलं काही उरलेलं नव्हतं.

तेवढ्यात चिन्मयच्या मागे वायरलेस बोलला. इंग्रजीत. परमिट परत, लाइन सोडा.

विश्वंभररावांनी हातातली बशी खाली ठेवली. इंग्रजी त्यांना जेमतेम कळे, पण आवाज कळला. डोंगरावरून माणूस बोलतो तेव्हा मागे वारा असतो, दम लागलेला असतो, खरखर असते. या आवाजामागे काहीच नव्हतं. बंद खोलीतल्या रांजणात तोंड घालून कुणी बोलावं तसा तो होता.

"चिन्मय, थांब. तो रामप्रसादच आहे का?"

"आवाज त्याच्यासारखाच आहे."

"त्याच्यासारखा नको. नाव विचार त्याला."

चिन्मयनं विचारलं. उत्तर आलं: परमिट परत, लाइन सोडा. पुन्हा विचारलं. तेच शब्द, त्याच चालीत. मंत्र्याचा माणूस ओरडला, आणखी काय ऐकायचंय तुला?

"बाबा, वाऱ्यात त्याला ऐकू जात नसेल. माझं काँट्रॅक्ट याच महिन्यात संपतंय. हा माणूस मला इथं ठेवणार नाही. मी सोडतो लाइन."

"सोडू नको!"

"अहो पण कारण काय सांगू मी यांना?"

विश्वंभररावांनी दाराकडं पाहिलं. पद्मजाबाई चहाचं भांडं घेऊन उभ्या होत्या. बेचाळीस वर्षांच्या संसारात जे बोललं गेलं नव्हतं, ते आता हिच्या देखत बोलावं लागणार होतं. त्यांना मरणाची लाज वाटली, तरी ते बोलले.

"नेमसिंग लाइनमन माझ्या हातानं मेला, चिन्मय. पुढाऱ्याची सभा होती, माणसं डोक्यावर बसली होती, लाइट द्या, लाइट द्या. फोन वाजला. 'परमिट परत, लाइन सोडा.' नेमसिंगसारखाच आवाज. मी नाव विचारलं न्हाई. लाइन सोडली. तो वर खांबावर होता. फोन ग्रामपंचायतीतून आला असं मी समजलो, पण मागून कळलं, तिथल्या फोनची वायर उंदरांनी पंधरा दिवसांपूर्वीच खाल्ली होती. चौकशीत मी लिहून दिलं, नेमसिंगनं स्वतः परमिट परत केलं, मी आवाज बराबर ओळखला. साहेबांनी त्याचीच चूक ठरवली. पिऊन चढला म्हणाले. तो पीत नव्हता."

 पलीकडे चिन्मयनं बटणाची किल्ली काढून खिशात घातली. मंत्र्याचा माणूस शिव्या देत होता. वायरलेस अधूनमधून तेच सांगत होता. बाप-लेक ऐकत बसले.

वीस मिनिटांनी कंट्रोल रूमचं दार उघडलं आणि चिखलानं माखलेला रामप्रसाद आत आला. वायरलेस चढतानाच ओढ्यात पडला, म्हणाला, म्हणून जीप घेऊन सांगायला आलो. अजून तासभर लागेल. जोडीदार वर तार धरून बसलाय.

चिन्मयनं फोन तोंडाशी नेला. "बाबा, मग बोलत कोण होतं?"

"मला काय माहीत, लेकरा. तीस वर्षं झाली, मी हेच विचारून राहिलो."

लाइट उशिरा आली, सरकार पडलं, आणि पडणाऱ्यांनी जाता जाता चिन्मयला घरचा रस्ता दाखवला. पण ते पुढचं. त्या संध्याकाळी पद्मजाबाई नवऱ्याशी एकच वाक्य बोलल्या, "उद्या नेमसिंगच्या तांड्यावर जाऊन या." रात्रभर त्यांनी पाठ फिरवलेली होती.

दुसऱ्या दिवशी विश्वंभरराव आखाडा बाळापूरच्या बसनं निघाले आणि फाट्यावर उतरून तांड्यावर चालत गेले. नेमसिंगची बायको पेमा अंगणात तूर पाखडत होती. केस सगळे पांढरे. "बसा साहेब," ती म्हणाली. ते बसले नाहीत. उभ्यानंच सगळं सांगितलं, नाव न विचारल्याचं, खोटं लिहून दिल्याचं. शेवटी हात जोडले.

पेमाचं सूप थांबलं नाही. "ठाव हाय मला."

"कुणी सांगितलं?"

"त्यानंच. रोज दिस मावळताना ह्या दारात येऊन उभा राहायचा. एकच बोलायचा, 'पेमा, म्या बोललो न्हाई.' लोक म्हनायचे तुजा नवरा पिऊन मेला, अन् हा म्हनायचा, म्या बोललो न्हाई. तीस वरसं. एक दिस चुकला न्हाई."

विश्वंभररावांनी दाराकडं पाहिलं. उंबऱ्यासमोर दोन पावलांएवढी जागा सारवलेली नव्हती. बाकी अंगण लख्ख होतं.

"काल आला न्हाई," पेमा म्हणाली. "लई येळ दिवा लावून बसले. तवाच वळखलं, तुमी कुटंतरी खरं बोलले असान."

तिनं सूप खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच त्यांच्या तोंडाकडं पाहिलं.

"बरं केलं साहेब. पन आता दिस मावळला का म्या कुनाची वाट बघू?"