सिद्धम्माचे रिकामे हात

उदगीरपासून तीन कोसांवर, कर्नाटकाच्या शिवेला लागून असलेल्या एका गावात सिद्धम्मा राहायची. तिला बाप्तिस्मा घ्यायला नऊ वर्षं लागली. पाळक कधीही द्यायला तयार होते. तीच दर वेळी "आत्ता नगं" म्हणून मागं सरायची.

तिचा नवरा चंद्रप्पा ख्रिस्ती झाला, तेव्हा ती चिडून, भांडून माहेरी कमालनगरला निघून गेली होती. आठ दिवसांनी निरोप आला तो चंद्रप्पा तापात गेल्याचा. शेवटचं पाणी पाजायलाही ती जवळ नव्हती. परत आली ती मान खाली घालूनच. दर रविवारी चर्चच्या दाराशी, चपलांजवळ बसू लागली. आत बोलावलं तरी उठेना.

"देवाकडं कंच्या तोंडानं जाऊ?" ती वीरण्णा पाळकांना म्हणायची. "आधी काईतरी करून दाखवते, मंग येते."

आणि बाई खरंच करायची. चर्च झाडायची, सारवायची. बाळंतिणीला शेक द्यायची, आजाऱ्याच्या उशाशी बसायची. कुणी भलं बोललं तरी तिचा चेहरा खुलत नसे. "एवढ्यानं काय होतंय," म्हणत ती पुढच्या कामाला लागायची.

"सिद्धम्मा, देवानं तुला कधीच पदरात घेतलंय," पाळक समजावायचे. "ते कष्ट करून मिळवायचं नसतं. नुसता विश्वास ठेवायचा असतो."

"मंग हातपाय कशाला दिलेत त्यानं?"

पाळक हसायचे. प्रश्न काही खोटा नव्हता.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आख्खं गाव सडकेच्या कामावर खडी फोडायला गेलं. ज्यांच्या विहिरींवर कधी मोटा चालत होत्या, तेही. सिद्धम्माच्या शेजारी धुरपताबाई बसायची. चाळीस एकरांची मालकीण, पण रानात हिरवी काडी उरली नव्हती. हातोडा कसा धरावा हेही तिला ठाऊक नव्हतं. सिद्धम्मा आपला ढीग संपवून तिचा फोडू लागायची. रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीची भाकरी तव्यावर तुटायची, तेव्हा पीठ आधणाच्या पाण्यात उकडून मळायचं हेही तिनंच सगळ्या बायकांना शिकवलं. सगळं करायची, पण कुणाच्या हातचा घोटभर चहा घ्यायची नाही. घेतलं की केलेलं फिटून जाईल, असं तिला वाटायचं.

चैत्रात तिला हिवतापानं गाठलं. बारा दिवस ती कामावरच्या छपरीत अंथरुणाला खिळून होती. तांब्या उचलायचं बळ राहिलं नाही. बायकांनी आळीपाळीनं तिला सांभाळलं. धुरपताबाई तर रोज दुपारी येऊन तिचं डोकं मांडीवर घ्यायची आणि पातळ पेज भरवायची. गावात जिच्या ओसरीवर सिद्धम्मा कधी चढली नव्हती, तीच ही बाई.

एक दिवस सिद्धम्मानं तोंड फिरवलं. "मी आता काईच करंना, अन् तुम्ही मला भरवायल्या. कशापायी?"

"मंग काय तुला मजुरी द्यायले का मी?" धुरपताबाई म्हणाली. "तू हाईस म्हणून भरवायले. तोंड उघड."

सिद्धम्मा तिच्याकडं बघतच राहिली. मग एकदम हसू लागली. हसता हसता रडली, पेज नाकात गेली, ठसका लागला, आणि धुरपताबाई तिची पाठ थोपटत राहिली. आपण काहीच न करता पडून आहोत आणि तरीही कुणाच्या मांडीवर आहोत, हे तिला नऊ वर्षांत पहिल्यांदा कळलं होतं.

उभं राहता येऊ लागल्यावर पहिल्याच रविवारी ती चर्चला गेली. चपला काढल्या आणि थेट आत जाऊन पुढं उभी राहिली.

"पाळकसाहेब, बाप्तिस्म्यापुरतं पाणी हाय का?"

"आज कसं काय आलीस?"

"मी चंद्रप्पाला टाकून गेले होते. काईबी केलं तरी ते पुसत न्हाई. पन देवानं मला त्या पापासकट घेतलंय."

त्या दिवशी टँकर आला नव्हता. धुरपताबाईनं आपल्या घागरीतलं अर्धा तांब्या पाणी आणून दिलं आणि ती स्वतः मागं उभी राहून बघत राहिली.

आता ही बाई जरा टेकेल, असं लोकांना वाटलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती खडीवर हजर. फरक इतकाच की हातोड्याच्या ठेक्यावर गाणं म्हणत होती, आणि चहा पुढं आला की दोन्ही हातांनी घेत होती. वीरण्णा पाळक पुढं उपदेशात म्हणायचे, "विश्वास कुठं दिसतो विचाराल, तर सिद्धम्माच्या हातात बघा." ती लाजून पदर तोंडाला लावायची.

नऊ-दहा वर्षांनी लातूर जिल्हा झाला. सरकारी कामासाठी उस्मानाबादची वाट धरणं सुटलं, आणि पुढच्याच हिवाळ्यात लातूरला मोतीबिंदूचं शिबिर लागलं. सिद्धम्मा गावातल्या पाच म्हाताऱ्या घेऊन एसटीनं निघाली. त्यांत धुरपताबाईही होती. तिला आता माणसांच्या नुसत्या सावल्या दिसायच्या.

"मावशी, कोणत्या संस्थेच्या?" शिबिरातल्या कारकुनानं विचारलं.

"संस्था न्हाई बाबा. शेजारणी हाव आम्ही."

"लई पुण्य मिळंल तुम्हाला."

"त्याच्यासाठी न्हाई आले. माझं काम कवाच झालंय. आता मोकळी हाय, म्हणून आले."

कारकुनाला ते कळलं नाही. त्यानं नावं लिहून घेतली.

आठवड्यानं ऑपरेशनं होऊन साऱ्या जणी परतीच्या गाडीत बसल्या, पाचही म्हाताऱ्या डोळ्यांवर हिरव्या कापडाच्या झालरी लावून. उजेडाकडं बघू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं. धुरपताबाई कुठली ऐकते. लातूर मागं पडतंय न पडतंय तोच तिनं झालर वर केली, खिडकीतून ज्वारीची रानं बघितली, मग शेजारी वळून सिद्धम्माचं तोंड निरखून पाहिलं.

"अगं बाई, तू एवढी म्हातारी कवा झालीस?"

गाडीतली माणसं हसू लागली. सगळ्यांत मोठ्यानं सिद्धम्मा हसत होती.