नीरम कुठाय?

तांडेलमामांची शिडाची होडी एकतीस वर्षं ऐलतीरावरून पैलतीरावर माणसं आणि सामान पोचवत होती. फेरीचा परवाना दर तीन वर्षांनी नवा करावा लागे. यंदा तपासणी सकाळी दहाला ठरली होती. परवाना हुकला तर फेरी मोटारलाँचवाल्याच्या घशात जाणार, हे धक्क्यावर सगळ्यांना ठाऊक होतं.

सासऱ्यांना खूश करावं म्हणून नव्या जावयाने दोन दिवस खपून होडी घासली, रंगवली. तळाशी शेवाळलेले दगड होते, तेही उचलून फेकले. धक्क्याच्या पायऱ्या बांधणाऱ्या गवंड्याला ते आयतेच मिळाले. त्याने लगेच सिमेंटात बसवून टाकले.

तपासणीच्या दिवशी मामांनी होडीत पाय ठेवला, तशी ती पाळण्यासारखी डुचमळली. मामांनी तळ पाहिला, मग जावयाचा चेहरा पाहिला. आवाज न चढवता विचारलं, "जावईबापू, नीरम कुठाय?"

जावयाने हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. मामांनी सांगितलं, की माल भरला की होडी त्याच्या वजनाने पाण्यात नीट बसते. पण रिकामी असली की शिडात वारा भरताच कलंडायला बघते. म्हणून तळाला कायमचं वजन ठेवायचं, ते नीरम. जावयाने धक्क्याच्या नव्या पायऱ्यांकडे बोट दाखवलं.

शेजारणींसोबत धक्क्यावर आलेल्या मामींनी सुचवलं, की आम्ही चार बायका तळाशी बसतो, आमचं वजन काय कमी आहे? मामा म्हणाले, वजनाबद्दल वादच नाही, पण नीरमाने जागेवर गप्प बसायचं असतं.

तोवर जावई धूम पळाला होता. लोहाराची ऐरण, गिरणीतले झिजलेले चार दगड, वाण्याची मोठी वजनं, शिंप्याच्या दोन जड इस्त्र्या, जे मिळालं ते हातगाडीवर घालून आणलं. मामा एकेक वस्तू तळाशी ठासत असतानाच तपासनीस आले.

"होडी रिकामी हवी असा नियम आहे," ते म्हणाले. "हा बाजार कसला?"

"रिकामीच आहे, साहेब. माल नाही, उतारू नाहीत. नीरम मालात धरत नाहीत, ते होडीचंच अंग. रिकाम्या हाताने या म्हटलं, तर आपण हात घरी ठेवून येतो का?"

तपासनिसांनी हसू दाबलं आणि ते होडीत चढले.

मधल्या धारेत वाऱ्याचा झोत आला. होडी झुकली आणि गुळगुळीत बुडाच्या इस्त्र्या सरकू लागल्या. जावयाने त्यांच्यावर पालथं पडून दोन्ही कवेत घेतल्या.

"हे कोण?" तपासनिसांनी विचारलं.

"आजच्यापुरतं हेही नीरमच," मामा म्हणाले आणि त्यांनी सुकाणू फिरवलं. होडी सावरली. पैलतीर गाठून परत येईपर्यंत पुन्हा काही तिने खोडी केली नाही.

परवाना मिळाला. धक्क्यावर लोहार कमरेवर हात ठेवून उभाच होता. ऐरणीवाचून त्याची सकाळ वाया गेली होती.

दुपारी जावयाने किनाऱ्यावरून निवडून बारा दगड आणले. मामांनी एकेक हातात घेऊन, उलटासुलटा करून पाहिला आणि नऊ बाजूला सारले.

"गोल नकोत. चपटे आणा, पाठीला पाठ लावून बसतील असे."

जावई पुन्हा किनाऱ्याकडे निघाला.