डावीकडे बसलेला मेकॅनिक

माझा भाऊ दिगंबर कधीच चुकला नाही, असं कालपासून इथे एकोणीस जणांनी लिहिलं आहे.

चुकला होता. एकदा.

आणि ती चूक कळूनही सहा वर्षं तशीच राहिली, ती माझ्यामुळे.

काल त्याचा तेरावा झाला. ते कौतुक वाचून गप्प बसता येईना, म्हणून लिहिते आहे. सांत्वनाचे फोन नकोत. थकले आहे.

माहीत नसलेल्यांसाठी सांगते. दिगू कुर्डुवाडीला रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होता. रिटायर झाल्यावर शुक्रवार पेठेत माझ्याकडे राहायला आला. तो आयटीआय, मी इंग्रजी घेऊन बी.ए. आणि पुढे बत्तीस वर्षं शाळेत.

हातात मोबाईल आला आणि त्याला अमेरिकेतल्या लोकांचा एक ग्रुप सापडला. शंभरेक वर्षांपूर्वीच्या मोटार रेसचे फोटो. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या ट्रंकेत मिळालेले. मागे नाव नाही, गाव नाही. लोक विचारायचे, गाडी कुठली, रेस कुठली, माणूस कोण.

तुझा काय संबंध, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"लोखंड हाय की, अक्का. तुला इंग्लिश कळतंय, मला नट-बोल्ट."

तोंडाकडे बघायचंच नाही, हा त्याचा नियम. चिखल आणि गॉगलमध्ये सगळी तोंडं सारखीच. तो चाकांचे आरे मोजायचा. बॉनेटचे पट्टे, रेडिएटरचं टोपण, चेन कुठून कुठे गेली आहे, मागचं कुंपण कसलं आहे. एकेका फोटोला चार-चार दिवस. तो मराठीत सांगायचा, मी इंग्रजीत लिहून पाठवायचे.

त्या गाड्यांत दोघं बसायचे. ड्रायव्हर, आणि शेजारी मेकॅनिक. हातानं तेलाचा पंप मारणारा, मागून कोण येतंय ते सांगणारा. जुन्या पेपरांत छापलेल्या फोटोंखाली ड्रायव्हरचं नाव असायचं. शेजारच्याचं बहुतेक नसायचं.

दिगूला त्याचा राग यायचा. जन्मभर फिटर राहिलेल्या माणसाला येणारच.

अगदी सुरुवातीला एका म्हाताऱ्या बाईंनी त्याला फोटो पाठवला. गाडी पाठमोरी, दोघं मागे वळून बघताहेत, स्टिअरिंग त्यांच्या अंगाआड. यातला मेकॅनिक माझा आजोबा, पण दोघांतला कोणता? आजोबा तरुणपणीच गेले होते. घरात त्यांचा दुसरा फोटो नव्हता.

त्या दिवशी दिगूनं आरे मोजले नाहीत. मिनिटभरात सांगून मोकळा झाला. अमेरिका म्हणजे लेफ्ट हँड ड्राइव्ह, ड्रायव्हर डावीकडे, म्हणजे आजोबा उजवीकडचे.

मी लिहिलं. पाठवलं.

बाईंनी उजवीकडचा चेहरा मोठा करून भिंतीवर लावला. रोज सकाळी त्यांना गुड मॉर्निंग म्हणते, असं कळवलं.

वर्षभरानं दिगूला तीच गाडी पेपरातल्या दुसऱ्या एका फोटोत सापडली, खाली ड्रायव्हरच्या नावासह. समोरून. स्टिअरिंग उजव्या बाजूला, आपल्याकडे असतं तसंच. त्या काळी तिथल्या रेसच्या गाड्या बहुतेक तशाच असायच्या. नवीन असताना त्याला ते ठाऊक नव्हतं.

म्हणजे उजवीकडचा तो ड्रायव्हर. आजोबा डावीकडचे.

त्या दिवशी तो जेवला नाही.

"अक्का, पत्र लिव. म्या त्या बाईला दुसऱ्याच्याच आज्याला हार घालाय लावला."

मी म्हणाले, राहू दे. ऐंशीच्या घरातली बाई, आनंदात आहे. कुणाचं काय बिघडलं?

वर्गात अर्ध्या मार्कासाठी मुलांना रडवणारी बाई मी. घरात म्हणाले, राहू दे.

तो दर काही महिन्यांनी विषय काढायचा. मी म्हणायचे, बघू. एकदा माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, एकदा पाहुणे होते. कारणं सापडतात.

नंतर त्यानं फोटोतली माणसं ओळखणं सोडलं. गाडी सांगायचा, रेस सांगायचा. माणूस कोण असं कुणी विचारलं की "माहीत नाही" लिहायला लावायचा. तुम्ही सगळे आज त्याला त्याचा विनय म्हणता आहात.

तो विनय नव्हता.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात त्यानं एकदाच विचारलं, "लिवलंस का?"

मी हो म्हणाले.

तो गेल्यावर चौथ्या दिवशी खरंच लिहिलं. दहा ओळी झाल्या.

कोपऱ्यावरच्या गॅरेजचे रफीकभाई त्याचे रोजचे सोबती. कौतुक लिहिणाऱ्यांत तेही आहेत. आज ते आले तेव्हा सगळं सांगितलं. मला वाटलं, चकित होतील.

"मेरेकू मालूम है, मॅडम. मैं बोला, मेरी बेटी लिख देती इंग्लिश में. दिगू नक्को बोला. अक्काच लिखेंगी, बोला."

सहा वर्षं तो थांबला. दुसऱ्या कुणाकडून लिहून घेणं त्याला सहज जमलं असतं.

बाईंचं उत्तर परवा आलं आहे. एकच प्रश्न. मग इतकी वर्षं मी गुड मॉर्निंग कुणाला म्हणत होते?

ड्रायव्हरला, असं कळवलं. त्याचं नाव दिलं. भावाला चूक तेव्हाच कळली होती, दाबून मी ठेवली, हेही लिहिलं. त्यापुढे काही आलेलं नाही. उत्तर न देण्याचा त्यांना हक्क आहे.

दिगू, पत्र गेलं. तू विचारलंस तेव्हा गेलं नव्हतं.

आज सकाळी रफीकभाईंच्या हवाली केलं ते असं:

वह्या नऊ.
प्रिंट काढलेले फोटो, दोन खोकी.
भिंग एक.
मोबाईल, चार्जरसह. ग्रुपवर यापुढे त्यांच्या मुलीनं लिहावं.
बाईंना पाठवलेल्या पत्राची प्रत एक, पहिल्या वहीत पहिल्या पानावर चिकटवून. खाली सही माझी.