शब्द अडायला लागले तेव्हा

अंबडला आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी सकाळी पंचशील माझी मोठी मुलगी सांगायची. तेव्हा ती दुसरीत होती. ती एक ओळ म्हणायची आणि मागे बसलेली मोठी माणसं ती तशीच म्हणायची. पाली शब्दांचा अर्थ तिला कळत नसे, पण उच्चार कधी चुकला नाही. पुस्तक तिनं हातात धरलेलं मला आठवत नाही.

फिट तिला पहिलीपासून यायच्या. औषध चालू होतं, तरी तिसरीत त्या वाढल्या. एकदा शाळेत नळाजवळ पडली, हनुवटीला टाके पडले. जालन्याच्या डॉक्टरांनी गोळी बदलली. नव्या गोळीचा डोस चढत गेला तशा फिट थांबल्या. तिचे बाबा एमआयडीसीत सळयांच्या मिलमध्ये आहेत. कामावरून त्यांचे सारखे येणारे फोनही थांबले.

मग ती बोलताना अडायला लागली. चमच्याला एकदा "ते... खायचं" म्हणाली. आम्ही हसलो, तीही हसली. नंतर सातचा पाढा गेला. धड्यातली खालची ओळ वाचेपर्यंत ती वरची विसरायची. बाई म्हणाल्या, "हल्ली लक्षच देत नाही ती."

आणि एका रविवारी विहारात ती तिसऱ्या शीलाशी थांबली. सगळे वाट बघत राहिले. कुणीतरी हळूच पुढचा शब्द सांगितला. तो म्हणून ती पुन्हा अडली. हात जोडलेलेच होते. मी उठून तिला जवळ घेतलं.

घरी येताना म्हणाली, "मम्मी, मला येतंय ते. बिलकुल येतंय. पण बोलाया गेलं की सापडतच न्हाई."

"ती गोळी आजपासून बंद," तिचे बाबा म्हणाले.

"असं करू नका हो," मी म्हटलं. "आधी विचारू तर खरं."

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "काही मुलांना या गोळीनं असं होतं," ते म्हणाले. "पण एकदम थांबवली तर मोठी फिट येईल. ही हळूहळू कमी करू, सोबत दुसरी सुरू करू."

"मंग पयल्यासारखी होईल ना, साहेब?" ह्यांनी विचारलं.

"बघू. मधे फिट येऊ शकतात."

गोळी कमी होत गेली आणि एका सकाळी तिनं सातचा पाढा पुरा म्हटला. मला सांगायला अंगणातून पळत आली. त्याच आठवड्यात फिट आली. थांबेचना. दवाखान्यात भरती करावं लागलं, आणि सुटताना त्याच गोळीचा डोस पुन्हा वाढवून मिळाला.

आता ती पाचवीत आहे. फिट क्वचित येते. काही शब्द परतले, काही नाही. धाकटी तिसरीत, ती थोरलीचं पुस्तक थोरलीच्या आधी वाचून काढते. थोरली शेजारी बसून ऐकते.

परवा मी डबा भरत होते. ती म्हणाली, "मम्मी, मी पयले हुशार होते ना?"

"अजूनबी आहेस."

"थोडं थोडं आठवतं मला," ती म्हणाली. "तेव्हा सोपं वाटायचं."

बाहेर शाळेची रिक्षा हॉर्न देत होती. ती दप्तर घेऊन निघून गेली. रिक्षा हलली तेव्हा माझ्या लक्षात आलं, डबा माझ्याच हातात आहे. तो घेऊन मी मागे धावले.