हुपरीच्या मुलीने शिकवलेले गट

कोल्हापुरातल्या शाळेत नववीला विज्ञान शिकवायला लागून मला बारा वर्षं झाली होती. तोवर गट पाडायची माझी रीत एकच: हजेरीपटावरचे पहिले चार एका गटात, पुढचे चार दुसऱ्या. दोन मिनिटांत मोकळी.

त्या वर्षी गढूळ पाणी गाळायचं साधन करायला दिलं होतं. एका गटाचं साधन फारच सुबक झालं. त्या गटात वर्गातली पहिल्या नंबरची मुलगी होती, आणि हुपरीहून रोज एसटीनं येणारी एक अबोल मुलगी. मी त्या अबोल मुलीला विचारलं, "यात कोळसा कशाला घातलाय?" तिनं मान खाली घातली. "नुसतं नाव लावायला गटात बसतेस का गं?" मी सगळ्यांदेखत बोलले.

तिनं मान वर केली. "मॅडम, मला हात लावू दिला न्हाई की."

पहिल्या नंबरची मुलगी रडवेली झाली. "हिचं चुकलं असतं तर माझे मार्क गेले असते."

दोघींचंही खरं होतं. चुकले होते मी. मधल्या सुट्टीत हुपरीच्या मुलीला बोलावून म्हटलं, "मग गट कसे करू? तूच सांग."

"आमच्या घरात पैंजण करत्यात," ती म्हणाली. "आजा तार ओढतोय, आई कड्या जोडती, घुंगरं माझ्याकडं. कुणाला काय येतंय ते आधी इचारा की."

दुसऱ्या दिवशी विचारलं. बारा वर्षांत पहिल्यांदाच. कुणाची चित्रकला चांगली, कुणाचं मोजमाप नेमकं, मागच्या बाकावरचा एकजण तर हसत म्हणाला, "मला बोलाय येतंय, मॅडम." तसे गट केले, तेच साधन पुन्हा करायला दिलं, प्रत्येकाला काम वाटून दिलं आणि बजावलं, कुणालाही काहीही विचारीन.

त्या दोघींना मुद्दाम एकत्र ठेवलं. त्यांचं पहिलं पाणी काळंकुट्ट आलं. कोळसा धुवायचाच राहिला होता. पहिल्या नंबरची मुलगी कावरीबावरी झाली, तर दुसरी म्हणाली, "धुऊया की! त्यात काय?" दोघी कोपरापर्यंत काळे हात घेऊन नळाशी उभ्या होत्या, आणि खिदळत होत्या.

कोळसा कशाला, ते या वेळी हुपरीच्या मुलीनं सगळ्या वर्गाला खणखणीत आवाजात सांगितलं. मग मी उभी राहिले आणि त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल तिची माफी मागितली. ती लाजून खाली बसली. तिनं त्या दिवशी मला उलट उत्तर दिलं, याचे उपकार मी अजून मानते.